उजव्या हाताची आखाजी

शहाद्याच्या बाजारपेठेत हेमकांतभाऊंचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. त्या दुकानात यंदाच्या लग्नसराईत तीन माऊस हकनाक बदनाम होऊन भंगारात गेले. दोष एकाचाही नव्हता. पण मुक्या वस्तूची बाजू घेणार कोण?

पहिल्याला आधी उलटा केला, फुंकर मारली, कानातल्या काडीला स्पिरिट लावून त्याचा लाल डोळा पुसला. तरी पडद्यावरचा बाण थरथरायचाच. मग तो गेला. दुसरा आला, तो उड्याच मारायला लागला. त्याचं कारण मात्र सापडलं. दुकानात माऊसखाली पॅड म्हणून नेहमी मागच्या हंगामातली उरलेली पत्रिका असायची, आणि ह्या वेळी कुणीतरी सोनेरी चकाकत्या कागदाची पत्रिका ठेवली होती. त्या चकाकीत माऊसचा डोळा दिपायचा आणि बाण वधूच्या नावावरून थेट आहेराच्या ओळीवर जाऊन पडायचा. साधी खरबरीत पत्रिका ठेवली तसा तो शहाण्यासारखा वागू लागला. पण रेघ काही सरळ येईना. मग तिसरा आणला, बिनवायरचा, नवा कोरा.

"ताई, हाऊ बी भंगारमा गया समज," हेमकांतभाऊ चार दिवसांनी संगणकावर पत्रिका काढणाऱ्या रोहिणीला म्हणाले.

आणि त्याच दिवशी रोहिणीच्या उजव्या हातातून चहाचा ग्लास निसटला. धक्का लागला नव्हता, कुणी हाक मारली नव्हती. ग्लास हातात आहे असं तिला वाटत होतं आणि तो फरशीवर पडून फुटला होता. अंगठा आणि बाजूची बोटं दुसऱ्या कुणाची असावीत तशी मुकाट होती.

"चहा गरम व्हता, भाऊ," ती म्हणाली.

हेमकांतभाऊंनी काचा गोळा केल्या, आणि भंगाराच्या खोक्यातले तिन्ही माऊस काढून पुन्हा टेबलावर ठेवले. माऊस निर्दोष सुटले.

रोहिणी मूळची रनाळ्याची, दिली लोणखेड्याला. नवरा भाग्येश तिथल्या एका कॉलेजात कारकून. लग्नानंतर ती हे काम शिकली, आणि शिकली ती अशी की आता आसपासच्या गावांतून माणसं दुकानात येतात आणि "रोहिणीताईनी वेल पाहिजे" म्हणून सांगतात. बाकीचे लोक तयार किनारी उचलून चिकटवतात. रोहिणी माऊस धरून हातानं काढते. पपईचं पान, आंब्याचा मोहोर, करडईचं काटेरी फूल, जे मनात येईल ते. तयार किनारीत सगळी पानं एकाच आईच्या पोटची असल्यासारखी सारखी असतात. रोहिणीच्या वेलीत एक पान दुसऱ्यासारखं नसायचं. वेल काढताना ती कुठेतरी निघून जायची. दुकानासमोर रिक्षा ओरडत असोत की बँडवाले सराव करत असोत, तिला वाटायचं तो पांढरा बाण म्हणजे आपणच आहोत आणि शेताच्या बांधावरून अनवाणी चाललो आहोत, पायाखाली दव आहे, घाई कसलीच नाही. ह्या चालण्याचं तिला वेड होतं. संसार, सासर, पोरांच्या परीक्षा सगळं सांभाळून रोजचे तेवढे तास तिचे स्वतःचे होते. आता ते हातातून निसटत होते, चहाच्या ग्लाससारखे, आणि तिला कळत होतं.

डॉक्टरांनी मनगट दाबून पाहिलं, बोटांवर टिचक्या मारल्या. मनगटातली नस दाबली गेली आहे, म्हणाले. कोपर टेबलाच्या उंचीला हवं, मनगट वाकडं नको, माऊस जवळ हवा, झोपताना पट्टा बांधा. "असंच रेटलंत तर अंगठ्याच्या मुळाचं मांस झडेल. मग सुईसुद्धा धरता येणार नाही," हे त्यांनी सावकाश, तिच्याकडे बघून सांगितलं. आणि मग सहज म्हणाले, "उजव्याला सुट्टी द्या. काही महिने डाव्या हातानं माऊस चालवा. सुरुवातीला अवघड जाईल, मग जमतं."

रोहिणीला हसू आलं. इतकं आलं की डॉक्टर चष्मा वर करून बघायला लागले.

अवघड! डाव्या हाताला अवघड काय जाणार होतं? रोहिणी जन्मानं डावरीच होती. पहिला घास डाव्यानं उचलला, पहिला दगड डाव्यानं मारला, धुळीत पहिलं चित्र डाव्यानं काढलं. भिकुबाईला, म्हणजे तिच्या आईला, ते बघून घोर लागला. डाव्या हातानं पान वाढणारी सून कोण करून घेणार? डाव्यानं हळदीकुंकू लावणार का ही? मग जुन्या लुगड्याच्या काठाची एक पट्टी निघाली. जेवताना आणि पाटीवर लिहिताना रोहिणीचा डावा हात त्या पट्टीनं कमरेशी बांधला जायचा. मारझोड नाही, आरडाओरडा नाही. भिकुबाई गाठ मारायची आणि डोक्यावरून हात फिरवायची, एवढंच. शाळेत जायला लागेपर्यंत रोहिणी उजवी झाली होती. पट्टी गेली. पण आई समोर आली की डावा हात आपोआप पदराखाली जायचा, तो अजूनही जातो.

म्हणून डॉक्टरांचा तो उपाय तिनं तेवढा सोडून दिला आणि बाकीचे सगळे केले. खुर्चीवर गोधडीची घडी टाकून कोपर वर आणलं. मनगटाखाली ठेवायला मूठभर ज्वारी भरून छोटी पिशवी शिवली. हेमकांतभाऊ तिला "ताईनी उशी" म्हणायचे आणि गिऱ्हाइकांना हात लावू द्यायचे नाहीत. त्यांनीच कुठूनतरी एक उभट, मुठीत धरायचा माऊसही आणला. तो धरला की कुणाशी तरी हात मिळवल्यासारखं वाटायचं. थोडं बरं वाटलं. पण पानाच्या टोकाशी वळायची वेळ आली की बोटं मुकी व्हायची आणि बाण बांधावरून घसरून चिखलात जायचा.

एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं. ऊन असं पडलं होतं की रस्त्यावरची कुत्रीसुद्धा नगरपालिकेच्या पाण्याच्या टाकीखाली गेली होती. रोहिणीनं इकडेतिकडे पाहिलं आणि जुन्या तिघांतला एक साधा माऊस उचलून डावीकडे ठेवला. बटणांची अदलाबदल करायची सोय संगणकात असते, ती केली. डावा हात ठेवला मात्र, बाण असा निघाला की जणू इतकी वर्षं दारात चपला घालून बसला होता. रेघ थोडी कापरी होती, लहान मुलाच्या चालीसारखी, पण तिला जिकडे जायचं तिकडे जात होती. तिनं एक पान काढलं, दुसरं काढलं. मग पत्रिकेच्या माथ्यावर बसवायचा गणपती उचलायला बाण गेला आणि तिथेच थबकला. लग्नाची पत्रिका. शुभकार्याची पहिली वस्तू. तिच्यावरचा गणपती डाव्या हातानं बसवायचा? उद्या त्या पोरीच्या संसारात काही कमीजास्त झालं तर? हसणाऱ्यांनी खुशाल हसावं, पण ज्या हाताला लहानपणी नैवेद्याच्या ताटापासून दूर बांधून ठेवलेलं असतं त्याला ते हसू कळत नाही. तिनं माऊस पुन्हा उजवीकडे नेला.

आणि नेमकं याच वर्षी धाकट्या बहिणीचं, जागृतीचं, लग्न ठरलं.

जागृती नंदुरबारला नर्स आहे, बोलायला फटकळ. तिनं फोनवर सांगून टाकलं, "ताई, मन्ही पत्रिकावर मायना हातवरली वेल काढ. बाकी कोणतीच नको."

मायच्या हातावरची वेल म्हणजे भिकुबाईचं गोंदण. उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत चढत गेलेली हिरवट काळी वेल, मधे तुळशीचं रोप, कडेनं ठिपके. दोघी बहिणी त्या वेलीवर बोट फिरवत फिरवत झोपी गेलेल्या. रोहिणी "हो" म्हणाली आणि रोज काढत बसली. उजव्या हातानं. ज्या दिवशी हात त्यातल्या त्यात बरा असायचा त्या दिवशी वेल गुळगुळीत आणि परकी यायची, दुखऱ्या दिवशी तर रेघेच्या चिंध्या व्हायच्या. पत्रिका आखाजीनंतर लगेच छापायला जायची होती.

"नही जमनं तर तयार किनार टाकी देसूत," हेमकांतभाऊ एकदा हळूच म्हणाले. त्यांना बिचाऱ्यांना तिला त्रास द्यायचा नव्हता. पण रोहिणीला त्या रात्री जेवण गेलं नाही. सख्ख्या बहिणीच्या पत्रिकेवर दुकानातली तयार किनार, म्हणजे मग आपण कोण? आज एक किनार, उद्या सगळ्याच, आणि परवा ह्या खुर्चीवर दुसरं कुणीतरी.

अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात, आणि आखाजी म्हणजे लेकीबाळींचं माहेर. सासरच्या चुलीला पाठ दाखवून यायचं, लिंबाच्या झाडाला बांधलेल्या झोक्यावर बसायचं, गाणी म्हणायची. सासुरवाशिणीला त्या दिवसांत कुणी काम सांगत नाही. रोहिणी मात्र पिशवीत लॅपटॉप, साधा माऊस आणि ज्वारीची उशी घेऊन एसटीत चढली. प्रकाशा गावाजवळचा पूल आला तेव्हा खिडकीतून तापीवरचं वारं आलं आणि तिचा डोळा लागला. स्वप्नात तो पांढरा बाण खिडकीतून बाहेर पडला. केळीच्या बागांवरून, कापूस उपटलेल्या रानांवरून तो मजेत चालला होता आणि त्याच्यामागे हिरवी रेघ उमटत होती. रोहिणी त्याला हाका मारत होती. तिचा एक हात कमरेशी बांधलेला होता आणि कोणता ते तिला आठवत नव्हतं. कंडक्टरनं नंदुरबार म्हणून ओरडून तिला उठवलं तेव्हा तिच्या डाव्या हाताची बोटं मांडीवर अजून चालत होती.

आखाजीच्या सकाळी रनाळ्याच्या घरी पूर्वजांच्या नावानं घागर भरली गेली, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं गेलं आणि भिकुबाई अंगणातल्या चुलीपाशी मांडे करायला बसली. चुलीवर मोठं खापर पालथं तापत होतं. मांडा, म्हणजे ही खापराची पुरणपोळी, काही पोळपाटावर पूर्ण होत नाही. थोडी लाटायची आणि मग दोन्ही हातांवर घेऊन ह्या हातावरून त्या हातावर फिरवत, झुलवत मोठी करायची, इतकी की ती कोपरापर्यंत उतरते आणि तिच्यातून चुलीचा जाळ दिसतो. भिकुबाईच्या हातांवर पोळी झुलायची तेव्हा तिच्याआड गोंदणाची वेल दिसायची आणि लपायची.

"मी करू?" रोहिणीनं विचारलं. तिलाही येत होतं, आईनंच शिकवलेलं.

पोळी हातांवर आली. गरम गरम वाफ, वेलचीचा वास. डाव्यावरून उजव्यावर गेली, उजव्यावरून डाव्यावर. दुसऱ्या फेरीला ती उजव्या हातावर उतरली आणि उजव्याला ती उतरल्याचं कळलंच नाही. पोळी फाटली, निम्मी खापरावर, निम्मी राखेत. पुरण जळल्याचा वास अंगणभर झाला.

रोहिणी मेल्याहून मेल्यासारखी झाली. भिकुबाईनं जळकी पोळी बाजूला केली, खापर पुसलं, दुसरा उंडा घेतला. तिनं विचारलं ते एकच, "कव्हयपासून?"

"दिवाळीपासून," रोहिणी म्हणाली. "माऊस धरी धरी."

जेवणं झाली. आमरसानं जड झालेलं घर दुपारी आडवं झालं. जागृती झोक्यावर गेली. तिचं आणि शेजारच्या पोरींचं गाणं लिंबाच्या झाडाकडून कधी जवळ, कधी लांब ऐकू येत होतं. ओट्यावर भिकुबाई जमिनीवरच पदर पसरून झोपली, उजवा हात लांब टाकून.

रोहिणीनं तिच्याजवळ पाटावर लॅपटॉप मांडला. माऊसला जागा शोधली. सतरंजीवर तो अडखळला, शहाबादी फरशीवर घसरला, आणि शेवटी धुऊन उभा करून ठेवलेल्या पोळपाटावर निमूट चालायला लागला. समोर आईचा हात होता. इतक्या जवळून तिनं तो कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. कातडी सैल झाली होती, वेल जागोजागी पसरून निळी पडली होती. तुळशीच्या खालचं एक पान वाकडं होतं. गोंदणारी सुई टोचत असताना चिमुरड्या भिकूनं हात ओढला होता, ते पान तिथे चुकलं होतं. ही गोष्ट दोघी बहिणींनी शंभरदा ऐकलेली.

उजव्या हातानं ती एक पेर वर चढली आणि बोटांना मुंग्या आल्या. तिनं हात झटकला, पुन्हा धरला. तुळशीशी पोचेपर्यंत अंगठा मेला. ती बसून राहिली. गाणं लांब गेलं होतं. कोंबड्यासुद्धा गप्प होत्या. आईचा श्वास संथ चालला होता.

तिनं माऊस डावीकडे घेतला.

मग काय झालं ते तिला नीट सांगता येत नाही. ती म्हणते, मला वाटलं मी पुन्हा तेवढी लहान आहे, आईजवळ झोपले आहे आणि वेलीवर बोट फिरवते आहे. बाण मनगटातून निघाला, ठिपक्याठिपक्यांनी वर गेला. डाव्या हाताची ती कापरी रेघ गोंदणाच्या कापऱ्या रेघेवर अशी बसली की दोन्ही एकाच सुईच्या. सुईनं काढलेली वेल होती ती, तिला गुळगुळीतपणा चालणारच नव्हता. चुकलेलं पान आलं आणि डावा हात तिथे बरोबर तसाच चुकला. रोहिणी हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

तिनं वर पाहिलं तर भिकुबाई जागी होती. डोळे उघडे, हात तसाच लांब.

रोहिणीचा डावा हात झटकन पदराखाली गेला. दोन पोरांची आई ती, अख्खं शहादं जिच्या हातची वेल मागतं ती, पण हात गेला.

"दपाडू नको," भिकुबाई म्हणाली. "मी देखी लिधं."

ती उठून आत गेली. ट्रंकेचं झाकण वाजलं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात लुगड्याच्या काठाची पट्टी होती, लाल, हातभर लांब. तीच की दुसरी, रोहिणीला ओळखता आलं नाही. इतक्या वर्षांनी, पोरंबाळं झाल्यावर, पुन्हा?

भिकुबाई समोर बसली. तिनं रोहिणीचा उजवा हात उचलला, सुजलेलं मनगट अंगठ्यानं हळू चोळलं. पट्टीचे दोन वेढे दिले आणि तो हात कमरेशी बांधला. गाठ मारली. आणि पूर्वी फिरवायची तसा डोक्यावरून हात फिरवला.

"सासरवाशीणले आखाजीनी सुट्टी भेटस," ती म्हणाली. "आते ह्या हातनी आखाजी."

रोहिणीनं विचारलं, "आनि गणपती, माय?"

"गणपती बी डावाच हात ठेवी." भिकुबाईनं पोळपाट तिच्याकडे सरकवला. मग आपल्याच हातांकडे बघत, अर्धं स्वतःशी बोलली, "मांडाले दोन्ही हात लागतस. तव्हय कोणी इचारत नही, डावा कोणता नि उजवा कोणता. मंग मी कसाले बांधेल व्हता, देव जाने."

आणि तिनं गोंदणाचा हात पोळपाटाशेजारी पसरून ठेवला, लेकीला नीट दिसावा म्हणून. रोहिणी काढत राहिली. ऊन ओट्यावरून उतरलं, झोक्यावरचं गाणं जवळ आलं, पुन्हा लांब गेलं. वेल कोपरापर्यंत चढली. शेवटी गणपती आला, आणि तिनं तो डाव्या हातानं माथ्यावर बसवला. गणपती सरळ बसला.

भिकुबाई मघाशीच आत गेली होती. ती सकाळच्या पोळीचा तुकडा घेऊन आली, दुमडून, वर तूप घालून, आणि रोहिणीचा डावा हात आपोआप पुन्हा पदराखाली गेला.

"घे."

रोहिणीनं सवयीनं उजवा पुढे करायला पाहिला. पट्टी ताणली, हात जागचा हलला नाही.

"तो बांधेल शे ना," भिकुबाई म्हणाली. "डावा पुढे कर."

रोहिणीनं डावा हात पदराबाहेर काढला आणि आईसमोर उघडून धरला. भिकुबाईनं त्याच्यावर पोळी ठेवली. तूप मनगटावरून कोपराकडे ओघळलं, आणि ती तशीच बसून डाव्या हातानं सगळी पोळी जेवली.